कागद न फाडणारी मूठ

लुक शिंग-फाट लोकांची हाडं बसवायचे, आणि हाडं मोडण्याची विद्याही शिकवायचे. दोन्ही एकाच इमारतीत. तो-क्वा-वान नावाच्या वस्तीतल्या त्या सहा मजली इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्यांचा मलमपट्टीचा दवाखाना होता आणि गच्चीवर कुंगफूची शाळा. वर मोडून घ्या, खाली जोडून घ्या, असं गल्लीतले लोक चिडवायचे. चिडवण्यात काही तथ्य नव्हतं. अठ्ठावीस वर्षांत त्या गच्चीवर कुणाचं साधं नाकसुद्धा फुटलं नव्हतं, आणि लुकना याचा भारी अभिमान होता. पाहुणा आला की चहाच्या आधी ते हेच सांगायचे.

याचं कारण म्हणजे कागद. गच्चीवर कपडे वाळत घालायची तार होती. तिला दोन चिमट्यांनी वर्तमानपत्राचं पान टांगायचं. समोर बैठक घ्यायची, म्हणजे घोड्यावर बसल्यासारखे पाय फाकवून, गुडघे वाकवून उभं राहायचं, आणि अंगात असेल नसेल तेवढ्या ताकदीनं ठोसा मारायचा. मूठ कागदाला टेकली की तिथंच थांबली पाहिजे. कागद नुसता थरथरला पाहिजे, फाटता कामा नये. फाटला, तर फाडणाऱ्यानं महिनाभर गच्ची झाडायची. जोडीनं खेळतानाही नियम हाच. सदऱ्याला लागलं की थांब. नव्या माणसाचं पहिलं वर्ष झाडू मारण्यातच जायचं, त्यामुळे गच्ची लखलखीत असायची.

हा नियम लुकच्या गुरूंचा नव्हता. तो त्यांनी स्वतः केला होता, आणि का केला ते कुणी विचारत नसे. उत्तर रोज समोर चहा ओतत बसलेलं असायचं.

ते उत्तर म्हणजे फोक. दोघं एकाच गुरूचे चेले. फोक वयानं आणि मानानं थोरले, म्हणून लुक त्यांना सिहिंग म्हणत, म्हणजे गुरुघरचा थोरला भाऊ. गुरूची गादी फोकनाच मिळायची होती. पण तेविसाव्या वर्षी, सरावात, लुकनी बगळ्याची चोच मारली. पाचही बोटं जुळवून मारायचा तो वार. हात थांबला नाही आणि फोकचा डावा डोळा गेला. फोकनी त्यानंतर कधी हात उचलला नाही. एनॅमलच्या कारखान्यात ते पराती आणि थुंकदाण्यांवर फुलं रंगवत राहिले. "एका डोळ्यानं रेघ सरळ येते," असं ते म्हणायचे, "दोन डोळे आपसात भांडतात." संध्याकाळी गच्चीवर चहा ते पहिल्यापासूनच करायचे, आणि निवृत्त झाल्यावर रोज पहाटे येऊन दवाखान्यातला मुक्या मारावर चोळायचा काढाही उकळू लागले. डोळ्याविषयी दोघांत छत्तीस वर्षांत एक शब्द झाला नव्हता.

या शाळेचा सगळ्यात मोठा मान पून युक-सिमकडे होता. चौतीस वर्षांची बाई. सरकारी वसाहतीतल्या एकट्या म्हाताऱ्यांना दुपारचं जेवण पोचवायचं काम करायची. दोन्ही हातांत डबे घेऊन दिवसभर जिने चढायचे, त्यामुळे तिची बैठक मुळातच पक्की. नऊ वर्षांत तिनं एकही कागद फाडला नव्हता. ठोसा असा यायचा की वाऱ्यानं शेजारचे कपडे हलावेत, आणि कागद मात्र शाबूत. नवे लोक आले की लुक तिलाच पुढे करायचे. "हिच्याकडे बघा," म्हणायचे, "ही खरी मूठ."

एका मंगळवारी दुपारी ही सिम दवाखान्यात आली तेव्हा तिचा उजवा हात डाव्या हातात धरलेला होता आणि पँटवर भात आणि वाफवलेलं अंडं सांडलेलं होतं.

दवाखान्यात तेव्हा सिट बसला होता. तीस वर्षं पोलिसात काढलेला गडी, आता दुखरा गुडघा आणि भरपूर मतं घेऊन जगत होता. कोपऱ्यात फोक काढा ढवळत होते.

लुकनी मनगट बोटांनी चाचपलं. "मोडलंय. आधी सरकारी दवाखान्यात फोटो काढून ये."

"काढलाय. हे बघा. तिथं चार तास थांबायला सांगितलं, म्हणून तुमच्याकडे आले."

लुकनी फोटो उजेडात धरून पाहिला. मग तिचा कोपर सिटला धरायला लावून हाड ओढलं आणि बसवलं. सिमनं दात आवळले, पण तोंडातून आवाज काढला नाही. फळ्यांची पट्टी बांधता बांधता त्यांनी विचारलं, "पडलीस?"

"पाडलं. सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मधल्या जिन्यात. लिफ्ट बंद होती. मागून एक जण आला, त्यानं गळ्यातली साखळी धरली. आईची."

"मग?"

"मारलं की. तीन ठोसे. छाती, बरगडी, पोट. तिन्ही बरोब्बर जागी बसले, सिफू." सिफू म्हणजे गुरुजी. ती आपल्या बांधलेल्या हाताकडे बघत होती. "बसले आणि थांबले. त्याच्या शर्टाला लागले आणि थांबले. मी नव्हते थांबवत. हातच थांबत होता."

सिटनं गुडघा चोळायचं सोडलं.

"त्यानं आधी डोळे मिटले होते," सिम म्हणाली. "मग उघडले. माझ्याकडे बघितलं आणि हसला. खरंच हसला हो. मग साखळी तोडली आणि मला ढकललं."

बाहेरून एक विमान इमारतीवरून खाली उतरत गेलं. विमानतळ तिथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे विमान आलं की बोलणं थांबवायचं ही तिथली रीतच होती. ते गेलं. मग सिमनं विचारलं, "सिफू, माझं चुकलं कुठं?"

लुकना उत्तर ठाऊक होतं. पण सिट ऐकत होता, मागे काढ्यातली पळी वाजायची थांबली होती, आणि अठ्ठावीस वर्षांचा मान एका वाक्यानं मातीत जाणार होता. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"तुझी बैठक उंच झाली असणार," ते म्हणाले. "जिन्यात पायऱ्या असतात. पायांनी मूळ धरलं नाही की ताकद मुठीपर्यंत पोचत नाही."

सिमनं मान डोलावली. "तरीच," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं दिसलं. चूक आपली असली की सुधारता तरी येते.

त्या संध्याकाळपासून ती हात गळ्यात बांधून गच्चीवर येऊ लागली आणि कोपऱ्यात घोड्याच्या बैठकीत उभी राहू लागली. अर्धा तास, मग पाऊण तास. पाय थरथरायचे, कपाळावर घाम यायचा, मोडलेला हात ठणकायचा. कुणी बस म्हटलं तर म्हणायची, "बैठक उंच आहे माझी, खाली आणायचीय." कामावर तिनं ती इमारत दुसऱ्या बाईला देऊन टाकली होती. आठव्या मजल्यावरचे एक आजोबा रोज तिच्याबद्दल विचारायचे, पण तिला त्या जिन्यावर पाय ठेववत नव्हता. बैठक पक्की झाली की जाईन, असं ती सांगायची.

लुक तिच्याकडे पाठ करून शिकवू लागले.

शनिवारी चहाच्या वेळी विषय निघालाच. काढला टॅक्सीवाल्या क्वाईनं. हा माणूस गाडी चालवताना इतका भित्रा की प्रवासी उतरून चालत जायचे, पण गच्चीवर त्याच्यासारखा वीर नाही.

"मी असतो ना तिथं," क्वाई म्हणाला, "वाघाचा पंजा असा टाकला असता की हाडाचं पीठ. आपल्या आज्या-पणज्यांनी याच विद्येवर दरोडेखोर पळवले."

"पळवले असतील," सिट म्हणाला. "तेव्हा दरोडेखोर भाला घेऊन आरडत यायचे. आता येतो तो मागनं येतो, आणि चाकू दिसायच्या आधी लागतो. तीस वर्षांत मी मारामाऱ्या बघितल्या त्या तू भात संपवायच्या आत संपलेल्या. साखळी द्यायची, बोंबलायचं, पळायचं. शिट्टी ठेव गळ्यात, शिट्टी! तिच्यापुढे तुझा वाघ म्हणजे मांजर."

"मग इथं कशाला येतोस रे? गुडघा दाखवायला?"

"येतो. चाळीस वर्षांचा होतो तेव्हा जिना चढताना धापा टाकायचो, आता साठीत टाकत नाही. पळायला दम नको? पण ही विद्या जीव वाचवते म्हणून मी कधी कुणाला सांगितलं नाही."

"विद्या वाचवतेच. माणूस कच्चा असतो. आता सिमचीच बैठक उंच झाली, सिफूच म्हणाले."

सिटनं कप तोंडाला लावला. त्यानं कपाच्या कडेवरून लुककडे बघितलं. पोलिसाची नजर, निवृत्त झाली तरी जाते कुठं. लुकनी क्वाईला विचारलं, तारेवर आजच घोड्यांच्या शर्यतीचं पान कुणी लावलं.

"अहो, मीच! पण जपून मारा सांगा, माझी घोडी आहेत त्यावर."

सगळे हसले. कोपऱ्यात सिम बैठकीतच होती. फोकनी तिच्यासाठी ओतलेला चहा गार झाला होता.

तिसऱ्या आठवड्यात एका पहाटे लुक एकटेच गच्चीवर गेले. झोप धड लागतच नव्हती. घरातली जुनी कापसाची गादी त्यांनी बरोबर नेली होती. ती पाण्याच्या टाकीला दोरीनं आवळून बांधली, बैठक घेतली आणि ठोसा मारला.

मूठ गादीच्या कापडाला टेकली आणि थांबली.

त्यांनी पुन्हा मारला. पुन्हा थांबली. समोर माणूस नव्हता, कापूस होता. मार, मार, असं ते मनाशी म्हणत होते आणि हात खोळीशी येऊन ब्रेक लावल्यासारखा उभा राहत होता. साठीला टेकलेल्या, भिंतीवर सहा सन्मानचिन्हं लावलेल्या त्या माणसाला एक गादी दाबता येत नव्हती. लुक घाबरले.

"वीस वर्षं झाली त्याला," मागून फोक म्हणाले. काढ्याचं पातेलं घेऊन ते जिन्याच्या तोंडाशी उभे होते. "तुझा हात थांबतो हे मला वीस वर्षांपासून दिसतंय. मला एक डोळा आहे, आ-फाट, पण आहे तो चांगला आहे."

"सिहिंग, तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुला वाटायचं तू पोरांसाठी नियम केलास. नियम केलास तू माझ्यासाठी. मी मागितला होता?" फोकनी पातेलं दाणकन खाली ठेवलं. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला लुकनी ऐकला नव्हता. "माझ्या एका डोळ्यापायी तू गच्चीभर माणसांचे हात बांधून ठेवलेस! आणि वर त्या पोरीला म्हणालास बैठक उंच आहे. तिची बैठक उंच? तिच्या बैठकीवर घर बांधता येईल."

फोकनी टाकीची गादी सोडली, स्वतःच्या छातीभोवती गुंडाळली आणि दोरी आवळली. एखाद्या गाठोड्याला पाय फुटावेत तसे ते दिसत होते. "मार," ते म्हणाले.

"नाही जमायचं."

"मार म्हणतो ना!"

लुकनी मारला. मूठ खोळीपाशी थांबली.

"हेच का ते? याच्यावर सन्मानचिन्हं मिळतात?"

दुसरी थांबली.

"तुझी बायको कोंबडी यापेक्षा जोरात धरते. अरे मार! डोळा घेतलास तेव्हा बरा हात आला होता!"

डोळ्याचं नाव निघालं तसे लुक ओरडले आणि मूठ गेली. गादीत मनगटापर्यंत गेली. फोक दोन पावलं मागे गेले, टाकीवर आपटले आणि खाली बसले. लुक धावले. "सिहिंग! बरगडी? बघू, बघू कुठं लागलं."

"लागलं," फोक धापा टाकत म्हणाले. मग ते हसायला लागले आणि हसताना बरगडी धरू लागले. "चांगलं लागलं. छत्तीस वर्षं लोक मला काचेच्या भांड्यासारखं वागवतायत. काढा दे इकडे, चोळ. आणि तिला सांग."

"कसं सांगू?"

"तोंडानं."

रविवारी गच्ची भरली. सगळे ओळीत उभे राहिल्यावर लुक तारेपाशी गेले. पान लावलेलंच होतं. त्यांनी बैठक घेतली, श्वास घेतला आणि ठोसा मारला. कागद टर्रकन फाटला, एक चिमटा उडून जिन्याकडे गेला. क्वाईनं "आयला" म्हटलं आणि तोंडावर हात ठेवला.

"सिम," लुक म्हणाले. "तुझी बैठक उंच नव्हती. मूठ थांबली, कारण मी तिला नऊ वर्षं थांबायला शिकवलं. आणि हे मला तुझा हात बांधतानाच ठाऊक होतं."

सिम कोपऱ्यात बैठकीत होती. ती सावकाश सरळ झाली. "त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी. मला लाज वाटली, म्हणून खोटं बोललो."

"मी रोज उभी राहिले इथं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "हात ठणकत असताना. तुम्ही बघत होता."

"बघत नव्हतो. पाठ करत होतो."

तिनं दोरीवरचं जाकीट एका हातानं ओढून घेतलं आणि निघाली. कुणी अडवलं नाही. सहा मजले उतरताना तिच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू येत होता, मग विमान आलं आणि तो बुडाला. लुक कोपऱ्यात गेले, झाडू घेतला आणि गच्ची झाडू लागले. कागद फाडलेला होता. नियम नियम असतो.

त्या दिवसापासून रोज सकाळी लुक झाडायचे. क्वाई दोनदा झाडू ओढायला गेला आणि शिव्या खाऊन परत आला. कागदाचा नियम मात्र बदलला. आता आठवड्यातले तीन दिवस कागदाला टेकून थांबायचं आणि तीन दिवस गादीत घुसवायचं, आणि सिट दर शनिवारी जिन्यात पळायला शिकवायचा. क्वाई यात पहिला आला. फोक म्हणाले, पळण्यात त्याला वाघ-बगळ्याची गरज कधीच नव्हती.

सिम येत नव्हती. तिची फळी सोडायची तारीख लुकच्या दवाखान्यातल्या दिनदर्शिकेवर लाल शाईनं लिहिलेली होती आणि ते रोज तिच्याकडे बघायचे. पट्टी ती दुसरीकडे सोडून घेईल, हे त्यांनी जवळजवळ धरूनच ठेवलं होतं.

तारखेच्या दिवशी सकाळी ते गच्चीवर झाडत असताना ती जिन्याच्या तोंडाशी दिसली. गळ्यात साखळी नव्हती, सिटनं घरी नेऊन दिलेली शिट्टी होती.

"खाली दवाखाना बंद होता," ती म्हणाली.

लुकनी झाडू भिंतीला टेकवला, पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर तिला बसवलं आणि फळ्या सोडल्या. हात बारीक झाला होता, पण हाड सरळ बसलं होतं. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी चाचपलं. "महिनाभर या हातानं डबा उचलायचा नाही."

"काल आठव्या मजल्यावर गेले," सिम म्हणाली. "जिन्यानं. आजोबा म्हणाले, इतके दिवस दुसऱ्या बाईनं आणलेला भात गार असायचा."

"भीती वाटली?"

"वाटली की. सातव्यावर उभी राहून शिट्टी तोंडात धरली, मग गेले."

ती उठली. वर्तमानपत्राचं पान तिनं डाव्या हातानंच तारेला लावलं, चिमटे दातांत धरून. मग बैठक घेतली. डावा हात हा तिचा अडाणी हात, त्याला लुकनी कधी फारसं शिकवलंच नव्हतं. ठोसा वेडावाकडा आला आणि कागदाच्या मधोमध आरपार गेला.

तिनं मूठ भोकातून बाहेर काढली आणि उजव्या, बारीक झालेल्या हाताकडे बघितलं. "हा फाडेल?"

"ठाऊक नाही," लुक म्हणाले. "माझा अजून तीनदा थांबतो, चौथ्यांदा जातो."

"मग जिन्यात कुणी आला तर?"

"शिट्टी वाजव. पळ. नाहीच जमलं, तर डाव्यानं मार."

सिमनं हे ऐकून घेतलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि लुकनी विचारलंही नाही. ती भिंतीशी गेली आणि झाडू उचलला.

"ठेव तो," लुक म्हणाले. "माझे अजून नऊ दिवस राहिलेत."

"कागद मी पण फाडलाय."

"हात मोडलाय तुझा."

"डावा चांगला आहे," सिम म्हणाली आणि डाव्या हातानं झाडायला लागली. वाकडंतिकडं, निम्मा कचरा मागे ठेवत. लुकनी बाही वर करून डोळे पुसले, सुपली उचलली आणि तिच्या झाडूसमोर वाकून धरली.